झपाटलेल्या वाड्याची विनोदी कथा: पात्रे कोणत्या क्रमाने घडवावीत

विनोदी भूतकथा लिहायला बसलेला माणूस बहुधा सर्वांत आधी भूत घडवतो आणि कथा तिथेच फसते. भुताला शिंका येतात, त्याला अंधाराची भीती वाटते, ते जिन्यावरून घसरते. मग या गमती पाहून किंचाळण्यासाठी आजूबाजूला चार माणसे उभी केली जातात. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गमती संपतात, माणसांना किंचाळण्याखेरीज काही काम उरत नाही आणि लेखक ओढूनताणून शेवट करतो. असे हस्तलिखित वाचताना विनोद कमी पडल्यासारखा वाटतो, पण खरी उणीव पात्रे चुकीच्या क्रमाने तयार झाल्याची असते.

पुढील टप्पे साधारण पाच ते सहा हजार शब्दांच्या कथेसाठी आहेत. घटनास्थळ एकच, गावाबाहेरचा जुना वाडा. कालावधी दोन-तीन रात्रींचा. आणि भूत धरून पाच ते सात पात्रे. यापेक्षा जास्त पात्रे घेतल्यास एवढ्या लांबीत कोणालाच दुसऱ्यांदा संधी मिळत नाही, आणि विनोदी पात्र खरे हसवते ते दुसऱ्या वेळेपासून.

समजण्यासाठी एकच नमुना शेवटपर्यंत वापरला आहे. वाडा विकायला काढलेली मालकीणबाई, विक्री होऊ नये म्हणून धडपडणारा तिचा भाचा, वर्षानुवर्षे वाडा सांभाळणारा कारभारी, तीन दिवस राहून वाडा पारखायला आलेले गिऱ्हाईक, स्वयंपाकीणबाई, आणि भूत. भूत कोणाचे, हे मुद्दाम तिसऱ्या टप्प्यापर्यंत सांगितलेले नाही.

पूर्वतयारी: तीन कागद

पहिल्या कागदावर वाड्याचा नकाशा काढावा. तो सुबक असण्याची गरज नाही. पण कोणती खोली कुठे आहे, कोण कुठे झोपते, जिना कुठे वळतो आणि कोणत्या खोलीला दोन दारे आहेत, एवढे त्यात असलेच पाहिजे. अशा कथेतील निम्मा गोंधळ दारांवर चालतो. एक जण बाहेर पडतो त्याच क्षणी दुसरा आत येतो, आणि ज्याने भूत पाहायला हवे तोच नेमका पाठमोरा असतो. दोन दारांची एक खोली नसेल तर असा प्रसंग घडवताना लेखकाला दर वेळी नवी सबब शोधावी लागते. मुख्य म्हणजे कोण कुठे झोपते यावरून स्वभावही ठरतो: भुताच्या वाटेवरच्या खोलीत जो वर्षानुवर्षे निवांत झोपतो, तो एक तर ठार बहिरा असतो किंवा त्याचे काही गुपित असते.

दुसऱ्या कागदावर रात्रींचा हिशेब असावा. पहिल्या रात्री कोण वाड्यात आहे, दुसऱ्या रात्री कोण आले, तिसऱ्या रात्री कोण पळाले, इतकेच.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. त्यावर एक तक्ता आखावा. उभ्या रकान्यात पात्रे, आडव्या ओळीत चार प्रश्न: हा भुतावर विश्वास ठेवतो का? याने भूत पाहिले आहे का? भुताची मूळ हकीकत याला ठाऊक आहे का? हा इतरांपासून काय लपवतो आहे? सध्या घरे रिकामी राहिली तरी चालतील; पुढील टप्प्यांत ती भरायची आहेत.

सावधान: या अवस्थेत नावे, वये, मिशा, चष्मे आणि पेहराव ठरवू नयेत. पात्राचे विनोदी नाव सुचले की ते पात्र तयार झाल्याचा भास होतो आणि खरे काम मागे राहते.

टप्पा १: वाड्यात कोणाचे काय अडकले आहे

प्रत्येक जिवंत पात्राला वाड्याकडून काहीतरी हवे असले पाहिजे. ही गरज एका वाक्यात लिहावी आणि ते वाक्य भुताचा उल्लेख न करता लिहावे. मालकीणबाईला चांगल्या किमतीत आणि झटपट सुटका हवी आहे. भाच्याला वाडा विकला जायला नको आहे, कारण त्याने तो परस्पर तारण ठेवला आहे. कारभाऱ्याला कोणी कोठारे उघडून पाहू नयेत असे वाटते. गिऱ्हाइकाला वाडा पसंत आहे, पण ते दाखवायचे नाही, कारण भाव पाडायचा आहे. स्वयंपाकीणबाईला निवृत्त व्हायचे आहे आणि थकलेला पगार घेतल्याशिवाय ती हलणार नाही.

या टप्प्यामुळे अशा कथांतील सर्वांत जुने भोक बुजते. वाचक तिसऱ्या पानावर विचारतोच की एवढे भूत दिसले, तर ही माणसे निघून का जात नाहीत? बहुतेक लेखक यावर वादळ आणतात किंवा पूल वाहून नेतात. वादळ एका रात्रीपुरते पुरते. लोभ, मत्सर आणि थकलेला पगार माणसाला तिन्ही रात्री जागेवर बसवतात, शिवाय तो बसून राहतो हेच हास्यास्पद ठरते. भुताने पाय खेचला तरी किमतीची घासाघीस न सोडणारे गिऱ्हाईक आपोआप विनोदी होते. त्याला वेगळी विनोदी लकब द्यावी लागत नाही.

हितसंबंध पक्के असतील तर प्रत्यक्ष भुताचीही गरज उरत नाही. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच्या रोमन नाटककार प्लाउटसच्या एका प्रहसनात बाप परदेशातून अचानक परततो आणि घरात मुलाची मेजवानी रंगलेली असते. तेव्हा मुलाचा चलाख गुलाम दार लावून घेतो आणि घर झपाटलेले असल्याची थाप मारून बापाला उंबऱ्याबाहेरच रोखतो. भूत कुठेच नाही, तरी घर झपाटलेले आहे, कारण कोणाला तरी ते तसे असण्याची निकड आहे. आपल्या कथेत खरे भूत असले तरी ही निकड हवीच.

तपासणी: पाचही वाक्ये एकाखाली एक लिहून वाचावीत. भूत वगळूनही या माणसांत तीन दिवस पुरेल एवढे भांडण दिसत असेल तर पुढे जावे. दिसत नसेल तर दोन पात्रांचे हेतू एकमेकांच्या आड येतील असे बदलावेत. सर्वांना एकच गोष्ट हवी असेल, तर त्यातली दोन पात्रे सरळ कमी करावीत.

टप्पा २: भुताशी प्रत्येकाचे नाते वेगळे असावे

आता तक्त्यातील पहिले दोन रकाने भरायचे. येथे होणारी चूक म्हणजे ‘घाबरणारे’ आणि ‘न घाबरणारे’ असे दोनच गट पाडणे. भित्र्यांच्या गटात चार माणसे असली की चौघांचीही बोबडी एकाच तऱ्हेने वळते आणि वाचकाला चौथ्या किंकाळीचे काही वाटत नाही.

भुतावर अजिबात विश्वास नसणारा, विश्वास असून पाचावर धारण बसलेला, विश्वास असून भुताला घरातली नित्याची कटकट मानणारा, भुताच्या अफवेवर आपली पोळी भाजून घेणारा, आणि समोर उभा असलेला इसम भूत आहे हेच न कळलेला, अशी निदान पाच नाती उपलब्ध आहेत. पाच जिवंत पात्रांत यातले एकही दोनदा येऊ नये. नमुन्यात स्वयंपाकीणबाईला भूत ही कटकट वाटते. मालकीणबाई मनातून घाबरते, पण गिऱ्हाइकासमोर तसे दाखवू शकत नाही. भाच्याचा विश्वास नाही, तरी विक्री मोडावी म्हणून तो भुताच्या गोष्टी पसरवतो. कारभारी कोठारातून नाहीशा होणाऱ्या प्रत्येक वस्तूचे खापर भुतावर फोडतो. आणि गिऱ्हाइकाला भूत हा वाड्यातलाच एक नोकर वाटतो.

शेवटचे नाते सर्वांत फलदायी आहे आणि त्याच्या खालोखाल ‘मला आत्ता वेळ नाही’ हे. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने एका पत्रात अथेन्समधल्या झपाटलेल्या घराची हकीकत सांगितली आहे. अथेनोडोरस नावाच्या तत्त्वज्ञाला घराच्या स्वस्ताईचा संशय येतो, पण भुताचे कळल्यावरही तो ते भाड्याने घेतो आणि रात्री लिहीत बसतो. साखळ्या खळखळवत भूत येते आणि त्याला बोटाने खुणावते. तत्त्वज्ञ हातानेच ‘जरा थांब’ अशी खूण करून पुन्हा लेखनात डोके घालतो, आणि भूत बिचारे त्याच्या डोक्यावर साखळ्या वाजवत राहते. प्लिनीने ही हकीकत गंभीरपणे सांगितली आहे, तरी हसू येते, कारण त्या माणसाला भुतापेक्षा निकडीचे काम आहे. आपल्या प्रत्येक पात्राचे भुतापेक्षा निकडीचे काम पहिल्या टप्प्यात ठरलेले आहे. त्याचा उपयोग येथे करावा.

सावधान: भित्रा नोकर आणि किंचाळणारी बाई ही दोन्ही सोंगे फार झिजली आहेत. भीती दाखवायचीच असेल तर ती ज्याला परवडत नाही अशा पात्राला द्यावी. नमुन्यातील मालकीणबाई गिऱ्हाइकाशी हसून बोलत असताना तिच्या हातातली बशी वाजत राहते आणि ती म्हणते, ‘‘जुनं घर आहे, थोडं हलतंच.’’ एवढ्याने भीती, लोभ आणि विनोद एकाच वाक्यात येतात.

भुतावर विश्वास न ठेवणाऱ्यालाही मूर्ख करू नये. त्याचे युक्तिवाद पटण्याजोगे असावेत. नाही तर त्याची फजिती होताना वाचकाला काही मिळत नाही.

टप्पा ३: आता भूत

भुताबाबत चार निर्णय घ्यायचे असतात आणि क्रम बदलून चालत नाही.

पहिला निर्णय: जिवंतपणी ते काय काम करीत होते. कसे मेले, हा प्रश्न नंतरचा आणि अनेकदा अनावश्यक असतो. मृत्यूपासून सुरुवात केली की खून, सूड, शाप यांची साखळी आपोआप लागते आणि विनोदाला जागा उरत नाही. व्यवसायापासून सुरुवात केली की भुताला सवयी, तक्रारी आणि मानापमान मिळतात. नमुन्यातील भूत हे वाड्याच्या जुन्या हिशेबनिसाचे आहे.

दुसरा निर्णय: नियम. भूत कुठे वावरू शकते, केव्हा दिसते आणि काय करू शकत नाही, असे तीन नियम ठरवावेत. चौथा ठरवू नये. आपला हिशेबनीस मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच दिसतो, माडीवरची पडवी आणि दप्तराची खोली सोडून जाऊ शकत नाही, आणि कागदाहून जड काहीही उचलू शकत नाही. तिसरा नियम क्षुल्लक वाटतो, पण पुढे सर्वांत जास्त काम तोच करतो. भूत काय करू शकते यापेक्षा त्याला काय जमत नाही यातून प्रसंग निघतात; सर्वशक्तिमान भूत विनोदी कथेत निरुपयोगी असते.

तिसरा निर्णय: त्याला जिवंत माणसांकडून काय हवे आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका वहीची बेरीज जुळत नाही आणि दुसऱ्या कोणीतरी ती तपासल्याशिवाय हिशेबनिसाला शांती नाही. त्याला कोणाला घाबरवायचे नाही. मात्र तो इतकी लांबलचक, अदबशीर प्रस्तावना करतो की मुद्द्यावर येण्याआधीच समोरचा बेशुद्ध पडतो किंवा पळतो.

चौथा निर्णय: ते स्वतःला काय समजते. हा निर्णय सर्वाधिक वेळा राहून जातो, आणि मग भूत विदूषक होते. ऑस्कर वाइल्डने १८८७ साली लिहिलेल्या एका कथेतले भूत स्वतःला थोर कलावंत मानते. ग्रंथालयाच्या खोलीतला रक्ताचा डाग रोज नव्याने उमटवणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, पण घरातली अमेरिकन मंडळी डाग घासून काढत राहतात. शेवटी ते घरातल्या मुलीच्या रंगपेटीतले रंग चोरू लागते, लाल संपतो आणि एके दिवशी डाग हिरवा उमटतो. डागाचा रंग पाहून हसू येते, तरी भुताने विनोद केलेला नाही. ते आपल्या कामात शंभर टक्के गंभीर आहे. आपला हिशेबनीस स्वतःला भूत मानतच नाही. तो नोकरीवर आहे, असे त्याचे ठाम मत आहे, आणि ‘भूत’ म्हटलेले त्याला लागते.

हे चारही निर्णय एकत्र कसे चालतात, हे एका प्रसंगातून पाहावे. आधी फसलेला मसुदा: मध्यरात्री गिऱ्हाइकाच्या खोलीत पांढरी आकृती येते, सतरंजीत पाय अडकून आपटते, गिऱ्हाईक ओरडत पळते आणि पाण्याच्या पिंपात पडते. यात पडणे दोनदा आहे आणि पात्र एकही नाही. तिथे कोणतेही भूत आणि कोणतेही गिऱ्हाईक चालले असते.

दुसरा मसुदा (गिऱ्हाईक माडीवरच्या खोलीत झोपले आहे आणि हिशेबनीस पडवीतून त्याच्या दारात उभा आहे):

‘‘क्षमा असावी. आपल्याला बेरीज येते का?’’

‘‘येते. पण रात्री दीड वाजता कोण बेरीज करतं?’’

‘‘मी करतो. नव्वद वर्षं झाली.’’

‘‘मग बाईंना सांगून पगार वाढवून घ्या. आणि जाताना तेवढं दार लोटा, वारा येतोय.’’

‘‘ते मला जमायचं नाही. कागदाहून जड काही उचलण्याची मला मुभा नाही.’’

‘‘कमाल आहे! या वाड्यातला एक नोकर धड कामाचा नाही.’’

आणि सकाळी गिऱ्हाईक नोकरमाणसे आळशी असल्याचे कारण सांगून किंमत कमी करायला सुरुवात करते. मालकीणबाईला मात्र रात्री कोण येऊन गेले ते क्षणात कळते आणि तिला हसतमुखाने ‘‘हो, जरा म्हातारे आहेत ते’’ म्हणावे लागते. येथे दोघांपैकी कोणीही गंमत करत नाही. भुताचा नियम गिऱ्हाइकाला कामचुकारपणा वाटतो, त्या गैरसमजाचा उपयोग ते आपल्या मूळ हेतूसाठी करते आणि दुसऱ्याच पात्राची पंचाईत होते. प्रत्येक चांगला प्रसंग असा पुढच्या पात्राच्या अंगावर जाऊन पडला पाहिजे.

तपासणी: या प्रसंगाला एक अट आहे. समोरचा इसम भूत आहे हे वाचकाला आधीपासून ठाऊक हवे. ते लपवून शेवटी उघड केले तर एकदाच धक्का बसतो आणि मधल्या साऱ्या ओळी वाया जातात. त्यामुळे याआधी स्वयंपाकीणबाईच्या तोंडून हिशेबनिसाचा उल्लेख, दप्तराच्या खोलीतली शाई आपोआप कमी होणे, अशी एक-दोन चिन्हे पेरून ठेवावीत.

टप्पा ४: जोड्या लावणे

तक्त्यातला शेवटचा रकाना आता भरावा: कोण काय लपवतो. नंतर प्रत्येक लपवलेल्या गोष्टीसमोर, ती उघडी पाडू शकणाऱ्या पात्राचे नाव लिहावे. ज्या दोन नावांमध्ये अशी रेघ पडते, ती कथेतली मुख्य जोडी.

नमुन्यात रेघ अनपेक्षित ठिकाणी पडते. कारभारी वर्षानुवर्षे कोठारातला माल हळूच विकतो आणि ‘भुताने नेला’ असे सांगतो. पण भूत हिशेबनिसाचे आहे. वाड्यातून काय गेले, किती गेले आणि कोणत्या तारखेला गेले, याची नोंद रोज रात्री बसून करण्याची त्याची सवय सुटलेली नाही. म्हणजे वाड्यात भुताला खऱ्या अर्थाने घाबरावे असा माणूस एकच, आणि तो नेमका भुताला आपले कुरण समजत होता. ही जोडी आधी ठरवून सापडत नाही; पहिले तीन टप्पे प्रामाणिकपणे केले तर चौथ्यात ती बहुधा आपोआप दिसते. दिसली नाही तर भुताचा व्यवसाय बदलून पाहावा, माणसे बदलू नयेत.

सर्वांची भुताशी गाठ घालण्याचा मोह आवरावा. निदान एका पात्राला शेवटपर्यंत भूत दिसू नये. भाचा या जागेसाठी योग्य आहे: तो भुताच्या खोट्या गोष्टी पसरवतो, पांढरी चादर पांघरून पडवीत फिरतो, आणि खरे भूत दोनदा त्याच्या मागून अदबीने ‘‘क्षमा असावी’’ म्हणून निघून जाते, तरी त्याला पत्ता लागत नाही.

टप्पा ५: प्रवेशाचा क्रम

नकाशा आणि रात्रींचा कागद समोर घेऊन प्रवेश ठरवावेत. आधी भुताला सरावलेले पात्र यावे, म्हणजे वाचकाला वाड्याची रीत कळते. मग बाहेरून येणारे गिऱ्हाईक, म्हणजे ती रीत पुन्हा विचित्र दिसू लागते. पहिल्या चतुर्थांशात भुताची चाहूल पुरे. प्रत्यक्ष दर्शन एक-तृतीयांश कथा होण्यापूर्वी घडवावे. त्याहून उशीर झाला तर वाचकाची अपेक्षा एवढी वाढते की अदबशीर हिशेबनीस तिला पुरा पडत नाही.

भूत सर्वांत आधी लहान मुलाला दिसते, ही युक्ती इतकी वापरली गेली आहे की मूल दारात दिसताच वाचक पुढचे ओळखतो. ज्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असे मोठे माणूस शोधावे.

तीच गंमत पुन्हा आणायची असल्यास तिसऱ्या वेळेनंतर थांबावे आणि प्रत्येक वेळी समोरचे पात्र बदलावे. ‘‘आपल्याला बेरीज येते का?’’ हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारला तर गैरसमज होतो. स्वयंपाकीणबाईला विचारला तर ‘‘येत असती तर माझा पगार इतका थकला असता का?’’ असे उत्तर येते. आणि कारभाऱ्याला विचारला की त्याला घाम फुटतो. प्रश्न एकच, पण तिन्ही वेळा कथा पुढे सरकते.

टप्पा ६: बोलणे

संवाद लिहून झाल्यावर बोलणाऱ्यांची नावे झाकावीत आणि कोण बोलत आहे ते ओळखता येते का पाहावे. विनोदी कथेत सर्व पात्रे लेखकासारखी हजरजबाबी बोलू लागतात, हा दोष हमखास असतो. हजरजबाबी पात्र एकच असू द्यावे, नमुन्यात स्वयंपाकीणबाई. कारभारी कधीच सरळ उत्तर देत नाही, गिऱ्हाईक प्रत्येक वाक्य किमतीकडे वळवते आणि मालकीणबाई वाक्य अर्धे सोडते.

भुताच्या तोंडी जुन्या वळणाची भाषा घालताना हात आखडता ठेवावा. दोन-तीन जुने शब्दप्रयोग आणि सावकाश चालणारी वाक्यरचना पुरते. प्रत्येक ओळीत बखरीची भाषा आली की वाचक अर्थ लावण्यात गुंततो आणि हसायचे राहून जाते.

संबोधने मात्र बारकाईने ठरवावीत. भूत सर्वांना ‘आपण’ म्हणते, अगदी त्याच्यावर लाटणे फेकणाऱ्यालाही. स्वयंपाकीणबाई त्याला ‘तुम्ही’ म्हणते, कारण तिच्या लेखी तो घरातला वडीलधारा आहे. मालकीणबाई आधी त्याच्याविषयी ‘ते’ असे नपुंसकलिंगी बोलते आणि शेवटच्या रात्री प्रथमच ‘‘हिशेबनीस, तुम्ही बसा’’ म्हणते. हा बदल निवेदनात समजावून सांगू नये.

टप्पा ७: एक जागा न हसण्याची

संपूर्ण कथेत एकदा तरी भूत खरे वाटले पाहिजे; नाही तर उरलेला विनोद हलका होतो. ही जागा साधारण दोन-तृतीयांश कथा झाल्यावर यावी. त्यासाठी नवे रहस्य आणू नये. ज्या लकबीवर इतका वेळ हसू आले तीच घ्यावी आणि एकदा तिच्यावर कोणाला हसू देऊ नये. मध्यरात्रीनंतरही रंगलेल्या गप्पांत गिऱ्हाईक सहज सांगते की घेतल्यावर माडी पाडायची आहे. वर दप्तराच्या खोलीत पाने उलटण्याचा आवाज थांबतो. थोड्या वेळाने जिन्याच्या वरच्या पायरीवर, जिथून खाली येण्याची त्याला मुभा नाही तिथे उभा राहून हिशेबनीस विचारतो, ‘‘मग वह्या कुठे ठेवायच्या?’’ गिऱ्हाइकाला या क्षणी प्रथमच कळते की आपण तीन दिवस कोणाशी बोलत होतो.

सावधान: यानंतर भुताच्या मृत्यूची करुण कहाणी दोन पाने सांगण्याची ऊर्मी येते. ती पूर्णपणे टाळावी. पुढच्याच परिच्छेदात कोणीतरी किमतीचा विषय काढावा.

टप्पा ८: शेवट आणि दुरुस्ती

पहिल्या टप्प्यातील पाच वाक्ये पुन्हा काढावीत आणि प्रत्येकासमोर ‘मिळाले’, ‘हुकले’ किंवा ‘भलतेच मिळाले’ असे लिहावे. तिसरा शेरा निदान दोघांना मिळाला पाहिजे. भुताची इच्छा पूर्ण होते तीही कोणाच्या दयाळूपणामुळे होऊ नये. दया आली की कथा अचानक बोधकथा होते. नमुन्यात गिऱ्हाईक बेरीज तपासते ते वाड्याचे खरे उत्पन्न काढून भाव पाडण्यासाठी. नव्वद वर्षांपूर्वी एका ठिकाणी सातचा आकडा एक असा वाचला गेल्याचे त्याच्या ध्यानात येते, हिशेबनिसाची वही जुळते, आणि मोकळा झालेला हिशेबनीस सवयीने पुढची वही उघडतो. पुढची वही कारभाऱ्याच्या काळातली असते.

भूत शेवटी जावे की राहावे, याला ठरावीक उत्तर नाही. ते गेल्याने कोणाचे नुकसान होते ते पाहावे. सर्वांचे भलेच होत असेल तर त्याला ठेवून घ्यावे, कारण सर्वांचे भले होणारा शेवट विनोदी कथेला मानवत नाही.

मसुदा पूर्ण झाल्यावर दोष शोधताना वाक्यांपासून सुरुवात करू नये. मधला भाग रेंगाळत असेल तर दोष बहुधा पहिल्या टप्प्यात, हितसंबंधांत असतो. भूत केविलवाणे वाटत असेल तर त्याचा स्वाभिमान ठरवायचा राहिला आहे. सगळे प्रसंग सुटे सुटे वाटत असतील तर चौथ्या टप्प्यातली रेघ पडलेली नाही. आणि शेवट घाईचा वाटत असेल तर तो लांबवू नये. पाचव्या टप्प्यात जाऊन भुताचे पहिले दर्शन आधी आणावे.

शेवटची तपासणी मोठ्याने वाचून करायची. कथा ठाऊक नसलेल्या एका माणसाला ती वाचून दाखवावी आणि तो हसला तिथे समासात खूण करावी. खुणा पात्रांच्या बोलण्यावर आणि कृतींवर असतील तर रचना ठीक आहे. त्या निवेदकाच्या शेऱ्यांवरच पडल्या असतील, तर ते सर्व शेरे खोडून उरलेला मजकूर दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावा. तो जिथे गप्प राहील त्या प्रसंगातील पात्रे घेऊन पुन्हा पहिल्या टप्प्यापासून बसावे.